शोकेसमधली जपानी तलवार

मित्रांनो, आपल्या शाळेत शिस्तीचा पहिला धडा ब्रासोच्या डबीपासून सुरू होतो. बक्कल चमकले पाहिजे, बॅज चमकला पाहिजे, डॉर्मच्या दाराची कडीसुद्धा चमकली पाहिजे. जे चमकत नाही ते स्वच्छ नाही, असे आपण सहावीपासून शिकतो. हॉलबाहेरच्या शोकेसमध्ये एक जपानी तलवार आहे. वार्षिक दिनाच्या आधी तीही दरवर्षी ब्रासो लावून चमकवली जाते. यंदा ते काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने मला एका नव्या छंदाची ओळख झाली आणि चमक म्हणजेच स्वच्छता हा माझा समज खोटा ठरला.

तलवारीखाली एक पिवळे पडलेले कार्ड होते. त्यावर लिहिले होते : ‘सामुराई तलवार. सुमारे ४०० वर्षे जुनी. ब्रह्मदेश, १९४५.’ एका निवृत्त अधिकाऱ्यांनी ती शाळेला भेट दिली, यापलीकडे कोणालाच काही माहीत नाही. नवीन मुले आली की आम्ही त्यांना तिथे न्यायचो आणि कार्ड मोठ्याने वाचून दाखवायचो. ती मुले डोळे मोठे करून बघत. आम्हीही एकेकाळी तसेच बघितले होते.

मी डबी आणि फडके घेऊन निघालो तेव्हा हॉबी क्लबचे सर म्हणाले, “काय पुसतो आहेस ते आधी वाचून ये. मग हात लाव.” त्यानंतर तीन आठवडे माझा प्रेपनंतरचा वेळ लायब्ररीत गेला. तिथे जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

हा छंद आहे तरी काय?

जुन्या जपानी तलवारी जमवणारे लोक जपानात तर आहेतच, पण अमेरिकेत आणि युरोपातही आहेत. कोणाकडे पुष्कळ तलवारी असतात, कोणाकडे एकच. हे लोक तलवार फिरवत नाहीत. ते पाते म्यानातून काढतात, एका दिव्याच्या उजेडात हळूहळू कलते करतात आणि नुसते बघतात. बघताना तीन प्रश्न मनात असतात : ही कोणी घडवली, कुठे घडवली आणि केव्हा घडवली?

या ओळखण्याच्या विद्येला जपानीत ‘कांतेई’ म्हणतात. संग्राहकांच्या बैठकीत पात्याचा मुठीकडचा भाग झाकून ठेवतात, कारण लोहाराचे नाव तिथे कोरलेले असते. उरलेले पाते पाहून प्रत्येकाने लोहाराचे नाव सांगायचे. उत्तर चुकले तर पुन्हा बघायचे. मला हे आपल्या मॅप रीडिंगसारखे वाटले. नकाशावर गावाचे नाव नसले तरी ओढा, टेकडी आणि रस्ता यांवरून आपण जागा ओळखतो ना, तसेच.

जुनी म्हणजे किती जुनी?

संग्राहकांनी तलवारींचे चार काळ पाडले आहेत. १५९६ पूर्वीच्या तलवारीला ‘कोतो’ म्हणजे जुनी तलवार म्हणतात. १५९६ ते १७८० पर्यंतची ‘शिंतो’ म्हणजे नवी तलवार. १७८१ ते १८७६ पर्यंतची ‘शिनशिंतो’ म्हणजे नव्यातली नवी. त्यानंतरची ती ‘गेंदाइतो’, म्हणजे आधुनिक. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वेळी घडलेली तलवारसुद्धा या हिशेबात ‘नवी’ ठरते! यावरून तिथे तलवारीची परंपरा किती लांब आहे ते कळते.

लांबीवरूनही नावे आहेत. ‘शाकू’ हे जुने जपानी माप सुमारे ३०.३ सेंटिमीटरचे आहे. पाते एक शाकूपेक्षा लहान असेल तर ते ‘तांतो’, एक ते दोन शाकू असेल तर ‘वाकिझाशी’ आणि दोन शाकूंपेक्षा लांब असेल तर ‘काताना’. याहून जुनी घोडेस्वारांची तलवार म्हणजे ‘ताची’. ताची कमरेला टांगत आणि तिची धार जमिनीकडे असे. काताना कमरपट्ट्यात खोचत आणि तिची धार आकाशाकडे असे. लोहार आपले नाव बहुतेक वेळा अशा बाजूला कोरी, की तलवार अंगावर असताना ते बाहेरच्या अंगाला यावे. म्हणून नाव कोणत्या बाजूला आहे एवढ्यावरूनही ती ताची की काताना याचा अंदाज येतो.

पाते कसे घडते?

जपानात लोखंडाच्या दगडी खाणी फारशा नव्हत्या. तिथले लोहार लोखंडी वाळू वापरत. ‘तातारा’ नावाच्या मातीच्या भट्टीत ही वाळू आणि कोळसा थराथराने टाकतात आणि भाता चालू ठेवून तीन दिवस, तीन रात्री आग पेटती ठेवतात. शेवटी भट्टी फोडून आतला पोलादाचा गोळा काढतात. त्यातल्या उत्तम तुकड्यांना ‘तामाहागाने’ म्हणतात. शिमाने प्रांतात अशी भट्टी १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि आजचे लोहार तिचेच पोलाद वापरतात.

हे पोलाद एकसारखे नसते. म्हणून लोहार ते तापवतो, घणाने चपटे करतो, मधोमध दुमडतो आणि पुन्हा ठोकतो. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्या घातल्या तर १,०२४ थर आणि पंधरा घड्या घातल्या तर ३२,७६८ थर. मी हे वहीत मांडून पाहिले. गणिताच्या तासाला घातांक शिकताना हे उदाहरण दिले असते तर मला धडा लवकर समजला असता. घड्या घालण्याचा हेतू हा की मळी बाहेर निघावी आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरावा.

खरी कसोटी त्यानंतर येते. धार टणक हवी, नाहीतर ती बोथट होईल. पण सगळेच पाते टणक केले तर ते काचेसारखे तुटेल. यावर जपानी लोहारांचा उपाय म्हणजे माती. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतात आणि धारेवर पातळ. मग खोली अंधारी करून पाते तापवतात, म्हणजे तापलेल्या लोखंडाचा रंग नीट दिसतो. योग्य रंग आला की त्याला पाणी देतात. पातळ लेपाखालची धार एकदम थंड होऊन कठीण बनते. जाड लेपाखालची पाठ सावकाश थंड होते आणि चिवट राहते. याच क्षणी धारेकडचे पोलाद फुगते आणि पाते मागे वाकते. जपानी तलवारीचा तो सुंदर बाक बराचसा अशा रीतीने पाण्यातच तयार होतो. याच क्षणी अनेक पात्यांना तडाही जातो आणि सगळी मेहनत वाया जाते.

कठीण आणि चिवट भाग जिथे मिळतात तिथे पात्यावर एक पांढुरकी, ढगासारखी रेघ उमटते. तिला ‘हामोन’ म्हणतात. कोणाची हामोन सरळ असते, कोणाची लाटांसारखी. बिझेन प्रांतातल्या लोहारांची रेघ लवंगा ओळीने लावल्यासारखी दिसते आणि तिचे नावही लवंगेवरूनच ‘चोजी’ असे पडले आहे.

पाते वाचायचे कसे?

संग्राहक साधारण चार गोष्टी बघतो.

पहिली गोष्ट आकार. बाक कुठे जास्त आहे, मुठीजवळ की मध्यावर? टोक लहान आहे की लांब? यावरून काळ कळतो.

दुसरी गोष्ट पोलादाचा पोत. घड्यांमुळे पात्यावर लाकडासारख्या रेषा दिसतात. कधी फळीसारख्या, कधी गाठीभोवतीच्या गोल रेषांसारख्या, तर कधी अगदी सरळ. यावरून प्रांत आणि घराणे कळते. यामाशिरो, यामातो, बिझेन, सागामी आणि मिनो या पाच परंपरा मुख्य मानतात.

तिसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेली हामोन.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘नाकागो’, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. आपल्याकडच्या जुन्या तलवारीचे पाते मुठीत लाख किंवा राळ भरून पक्के बसवलेले असते. जपानी तलवारीचे पाते मात्र बांबूच्या एका खिळीवर राहते. खिळी काढली की मूठ निघते आणि नाकागो दिसतो. त्यावर लोहाराचे नाव, कधी गाव आणि तारीख, आणि कानशीचे ओरखडे असतात. त्यावर गंजही असतो, आणि हा गंज कधीही काढायचा नसतो. शंभर वर्षांचा गंज वेगळा, चारशे वर्षांचा वेगळा. जुना गंज काळा, गुळगुळीत आणि घट्ट असतो. नव्या तलवारीवर जुने नाव कोरून फसवणारे लोक पूर्वीही होते, पण तो गंज हुबेहूब आणणे फार कठीण. एखाद्या हौशी माणसाने नाकागो घासून लख्ख केला तर त्याने वस्तूचा जन्मदाखलाच पुसून टाकला असे समजा. हे वाचले तेव्हा माझ्या खिशात ब्रासोची डबी होती.

नावाबद्दल आणखी एक गोष्ट. तेराव्या-चौदाव्या शतकातला सागामी प्रांताचा मासामुने हा जपानचा सर्वांत प्रसिद्ध लोहार. पण त्याची म्हणून मानलेल्या बहुतेक उत्तम पात्यांवर त्याचे नाव नाही. उलट ठळक अक्षरांत ‘मासामुने’ कोरलेल्या तलवारी बाजारात पुष्कळ दिसतात आणि त्या जवळजवळ सगळ्या खोट्या निघतात. म्हणून संग्राहक आधी पाते बघतात आणि नाव शेवटी वाचतात.

तलवारी घराबाहेर कशा पडल्या?

१८७६ मध्ये जपान सरकारने हुकूम काढला, की सैनिक आणि पोलीस सोडून कोणीही तलवार लावून फिरायचे नाही. सामुराईंचा मान एका कागदावर संपला. अनेक लोहारांचे काम गेले. कितीतरी तलवारी विकल्या गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच परदेशात पोहोचल्या.

पुढे सैन्य वाढले आणि तलवार पुन्हा आली. १९३४ मध्ये अधिकाऱ्यांसाठी जुन्या धाटणीची नवी लष्करी तलवार ठरली आणि १९३५ मध्ये हवालदारांच्या दर्जाच्या सैनिकांसाठी ‘९५ नमुना’ आला. दोघांत फरक होता. अधिकारी आपली तलवार स्वतः विकत घेत. काही जण घरातले पिढीजात पाते लष्करी मुठीत आणि म्यानात बसवून युद्धावर नेत. म्हणून आजही लष्करी म्यानातून कधी चारशे-पाचशे वर्षांचे पाते निघते. हवालदारांची तलवार मात्र सरकारी होती. ती यंत्रावर बनत असे आणि तिच्यावर नंबर असे.

या तलवारींचा आपल्याशीही संबंध आहे. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य मणिपूर आणि नागालँडच्या डोंगरात घुसले. इंफाळच्या ईशान्येला सांगशाक येथे २२ ते २६ मार्चला जी लढाई झाली, तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. पुढच्या वर्षी जपान हरला. १२ सप्टेंबर १९४५ रोजी सिंगापूरमध्ये शरणागतीवर सह्या झाल्या, तेव्हा भारताच्या बाजूने ब्रिगेडियर थिमय्या हजर होते. जनरल स्लिम यांनी हुकूम दिला होता, की जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या सैनिकांसमोर तलवार काढून द्यावी. फील्ड मार्शल तेराउची यांनी ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगावमध्ये आपल्या तलवारी लॉर्ड माउंटबॅटन यांच्या हाती दिल्या. अशा रीतीने पुष्कळ जपानी तलवारी आपल्या बाजूच्या सैनिकांकडे आल्या.

जपानात तर त्याहून मोठे संकट होते. अमेरिकन सैन्याने सगळी शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला. त्यात देवळांतल्या आणि घराण्यांतल्या तलवारीही आल्या. होन्मा जुन्जी नावाच्या तज्ज्ञाने कर्नल कॅडवेल या अमेरिकन अधिकाऱ्याला पटवून दिले, की जुनी तलवार हे केवळ शस्त्र नाही, ती कला आहे. म्हणून चांगल्या तलवारी निवडून वाचवल्या गेल्या. १९४८ मध्ये जपानी तलवारींच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली. टोकियोमधले जपानी तलवारींचे संग्रहालय तीच संस्था चालवते.

तरीही सगळे वाचले नाही. ‘होन्जो मासामुने’ ही शोगुन घराण्याची तलवार राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेली होती. डिसेंबर १९४५ मध्ये मालकाने कायदा पाळून ती टोकियोच्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केली. तिथून ती अमेरिकन सैनिकाकडे गेली आणि आजपर्यंत सापडलेली नाही.

आता आमची तलवार

एवढे वाचून मी सरांबरोबर शोकेस उघडले. हातात सुती मोजे घातले, कारण बोटांच्या घामातल्या मिठाने पात्यावर गंज येतो. चार गोष्टींची यादी वहीत लिहून नेली होती.

आधी मूठ बघितली. खऱ्या मुठीवर शार्क किंवा रे माशाचे खरखरीत कातडे आणि त्यावर दोरीची वीण असते. आमच्या मुठीवर वीण दिसत होती, पण बोट फिरवल्यावर कळले की ती दोरी नाहीच. सगळी मूठ ॲल्युमिनियमची ओतीव होती. खोलगट भागात तपकिरी रंगाचे ठिपके शिल्लक होते आणि बाकी सगळे चांदीसारखे चमकत होते. कितीतरी वर्षांच्या कॅडेट्सनी ब्रासो लावून तिचा रंगच उतरवला होता. शाबासकी मिळावी म्हणून मीही तेच करणार होतो.

मग खिळी शोधली. बांबूच्या खिळीच्या जागी स्क्रू होता. पाते बाहेर काढले. अंगावर यंत्राने पाडलेली सरळ लांब खाच होती. ढगासारखी रेघ मला कुठेच दिसली नाही. मुठीजवळ पात्यावर पाच आकडी नंबर ठोकलेला होता. म्यान पत्र्याचे होते आणि त्याच्या तोंडाशी तोच नंबर होता.

४०० वर्षे नाही आणि सामुराईही नाही. आमची तलवार म्हणजे हवालदाराची ‘९५ नमुना’ तलवार होती, कारखान्यात बनलेली.

खरे सांगतो, मला वाईट वाटले. सर काही बोलले नाहीत. “काय सापडले ते लिहून आण,” एवढेच म्हणाले. मी दोन दिवस काहीच लिहिले नाही. डॉर्ममध्ये गोष्ट पसरली. एक सीनियर म्हणाला, “राहू दे ना ते कार्ड. कोणाला कळणार आहे? वार्षिक दिनाला पाहुणे येणार, आपलीच तलवार आपणच छोटी करायची का?” मला त्याचे म्हणणे थोडे पटलेही. चार वर्षे ज्या मुलांना मी ते कार्ड वाचून दाखवले, त्यांना आता काय सांगायचे?

कॉम्प्टन यांची गोष्ट

त्याच दोन दिवसांत मी लायब्ररीतून आणलेले शेवटचे प्रकरण वाचले. वॉल्टर कॉम्प्टन हे अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे प्रमुख होते आणि जपानी तलवारींचे मोठे संग्राहक होते. त्यांनी पैसे देऊन घेतलेल्या तलवारींमध्ये एक पाते तेराव्या शतकातल्या कुनिमुने या लोहाराचे होते. त्याचा अभ्यास करताना त्यांच्या ध्यानात आले, की ही जपानच्या कागोशिमा शहरातल्या तेरुकुनी देवस्थानाची तलवार आहे. ती राष्ट्रीय ठेवा होती आणि युद्धानंतरच्या गोंधळात नाहीशी झाली होती.

ती त्यांच्याजवळ आहे हे त्यांनी सांगितले नसते तर कोणाला कळले असते? पण त्यांनी सांगितले. १९६३ मध्ये त्यांनी ती तलवार देवस्थानाला परत दिली आणि त्याबद्दल पैसे घेतले नाहीत. त्यांनी आधी नीट ओळख पटवली आणि मग ती ओळख पटल्यावर जे करायला हवे ते केले. त्यांच्याकडून सर्वांत मौल्यवान तलवार गेली, पण संग्राहक म्हणून त्यांचे नाव त्या तलवारीमुळेच राहिले.

ही गोष्ट वाचून मला माझी लाज वाटली. त्यांनी राष्ट्रीय ठेवा परत दिला आणि मला एक कार्ड बदलणे जड जात होते.

मी वही घेऊन सरांकडे गेलो. म्हणालो, “सर, तलवार साधी निघाली. हवालदाराची आहे.” सर म्हणाले, “हवालदाराची म्हणजे साधी का? तुम्हाला उभे राहायला कोणी शिकवले?” मला आमच्या ड्रिल उस्तादांचा चेहरा दिसला. तेही हवालदार आहेत. पहाटे साडेपाचला आमच्या आधी मैदानावर उभे असतात. त्यांच्या नावाचीही कुठे पाटी नाही. त्या जपानी तलवारीचा मालक त्याच्या सैन्यात हेच काम करत असेल. तो कोण होता, घरी परतला की नाही, हे नंबर सांगत नाही. पण तो सामुराई होता असे खोटे सांगून त्याचा मान वाढत नाही. उलट जो खरा माणूस होता तोच पुसला जातो.

ज्यांना हा छंद करायचा आहे त्यांच्यासाठी

१. आधी घेऊ नका, आधी बघा. हा छंद पुस्तकापासून आणि संग्रहालयापासून सुरू होतो. इंफाळजवळ २०१९ मध्ये शांतता संग्रहालय सुरू झाले आहे. त्या बाजूला गेलात तर जरूर पाहा.

२. कायदा पाळा. आपल्याकडे तलवारीसाठी १९५९ चा शस्त्र कायदा आहे. कोणतीही तलवार घेण्याआधी घरच्या मोठ्यांनी पोलीस ठाण्यात परवान्याची चौकशी करायला हवी. जपानात प्रत्येक जुन्या पात्याचा नोंदणीचा कागद असतो आणि तलवार देशाबाहेर न्यायची तर सरकारी परवानगी लागते.

३. घासू नका. जपानात पात्याला पॉलिश करणारे कारागीर वेगळे असतात. ते वर्षानुवर्षे शिकतात आणि एकेका दगडावर हळूहळू काम करतात. तरीही प्रत्येक पॉलिशला थोडे पोलाद जातेच. फार वेळा पॉलिश झालेल्या पात्याला संग्राहक ‘थकलेले’ म्हणतात. आपले काम एवढेच, की जुने तेल मऊ कागदाने टिपून नव्या तेलाचा पातळ हात द्यायचा. पावसाळ्यात तर हे विसरायचे नाही.

४. उघड्या पात्याला बोट लावू नका, त्याच्यावर तोंड आणून बोलू नका आणि ते कोणाकडे रोखू नका.

५. ठसा घ्या. जपानी संग्राहक नाकागोवर पातळ कागद ठेवून शाईच्या कांडीने ठसा घेतात आणि हामोन हाताने काढतात. त्याला ‘ओशिगाता’ म्हणतात. तलवार एकाच्याच घरी राहते, पण ठसा कोणालाही जमवता येतो. त्याला खर्चही नाही.

मी यातले पाचवे काम केले. तलवारीच्या नंबरावर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतला. आकडे स्वच्छ उमटले. हीच माझ्या संग्रहातली पहिली वस्तू. ती माझ्या लॉकरच्या दाराला आतून लावलेली आहे.

शोकेसमधले कार्ड आता नवे आहे. सरांनी ते मलाच लिहायला सांगितले. त्यावर आहे : ‘जपानी सैन्यातील हवालदार दर्जाच्या सैनिकाची तलवार, ९५ नमुना. कारखान्यात बनलेली. मुठीचा मूळ रंग तपकिरी होता, तो आमच्या पॉलिशमुळे गेला. ब्रह्मदेश, १९४५.’ तिसरे वाक्य ठेवावे की नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ते राहिले.

वार्षिक दिनाला पाहुण्यांनी कार्ड वाचले. काही लगेच पुढे गेले, काही थांबले. आमचे ड्रिल उस्तादही तिथे आले होते. त्यांनी कार्ड दोनदा वाचले आणि विचारले, “हवालदार की थी?” मी म्हणालो, “जी, उस्ताद.” ते थोडा वेळ तलवारीकडे बघत उभे राहिले. मग माझ्या बक्कलकडे बघून म्हणाले, “ये भी चमकाओ.”

मित्रांनो, बक्कल चमकवायचेच. पण जुन्या वस्तूला फडके लावण्याआधी ती काय आहे हे नक्की वाचून घ्या.

जय हिंद!

— एक कॅडेट, इयत्ता दहावी